शहाण्णवात एक

मंगळवार, ४ मार्च

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. गेल्या खेपेला रोज धावायचं ठरवलं होतं, ते बूट अजून कोरेच्या कोरे आहेत, पण ते जाऊ दे. बाळ मोठं झालं की त्याला ही वही वाचायला मिळेल आणि आपला बाप किती विचारी माणूस होता हे त्याला कळेल, असा एकूण बेत आहे. वही ऑफिसची आहे. पानावर रकाने छापलेले आहेत: काटा क्रमांक, दोष, शेरा. मी रकाने ओलांडून लिहितोय.

तर बाळा, तुझा बाप वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. काटा खोटं बोलत असला की मला लगेच कळतं, माणूस बोलत असला की अजिबात कळत नाही, असं तुझ्या आईचं म्हणणं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. वय अडतीस. नऊ वर्षं वाट बघून आम्ही नाद सोडला, पाळण्यासाठी राखलेल्या कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल लावलं, आणि मग तू आलंस.

घरातला तिसरा माणूस म्हणजे तुझा मामा. मीही त्याला दादाच म्हणतो, तो मला इन्स्पेक्टर म्हणतो. चव्वेचाळीस वर्षांचा आहे. एका हॉटेलच्या धुलाईखान्यात टॉवेलांच्या घड्या घालतो आणि अकरा वर्षांत एकदाही उशिरा गेलेला नाही. बसमध्ये कुणी टक लावून बघायला लागलं की स्वतःच सांगून टाकतो, "मला डाऊन सिंड्रोम आहे आणि मला घाई आहे." पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करतो. पकडली तर रुसतो. तू कुठे झोपणार यावर त्याची नि माझी महिनाभर बोलणी चालली आहेत, कारण खोल्या दोनच. खोली त्याची आहे आणि त्याला कामावर जायचं असतं, या दोन मुद्द्यांवरून तो तसूभर हललेला नाही.

आज सोळाव्या आठवड्याची रक्ततपासणी झाली. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, ते तिच्यावरून सांगतात. सगळ्यांची करतात म्हणून आपलीही. आम्ही दोघांनी फॉर्मवरची ती ओळ वाचली आणि दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो.

फॉर्मवर वजन लिहायचं होतं. काट्यावर बासष्ट आलं. मी मनात हसलो. हा काटा मी मागे तपासलाय, चक्क चार किलो जास्त दाखवतो. नर्स दुसऱ्या कुणाचं रक्त काढण्यात गुंतली होती. मी पेन घेऊन ऐटीत अठ्ठावन्न लिहिलं. हिचा चेहरा असा खुलला की आणखी दोन कमी करावेत असं वाटून गेलं.

बुधवार, १२ मार्च

रोज लिहिणार होतो. असो.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. मी म्हटलं, वा, वा, थँक्यू, आणि फोन ठेवला. हिने विचारलं काय म्हणाले. मी म्हटलं, पॉझिटिव्ह आहे! तिने माझ्याकडे जे काही बघितलं, ते मी इथे लिहीत नाही. मग तिने स्वतः फोन लावला.

नव्वदात एक. अडीचशेपेक्षा कमी आकडा आला की पुढची तपासणी सुचवतात. याचा अर्थ तसं आहेच असा नाही, असं नर्सने तिला तीनदा सांगितलं म्हणे. तिसऱ्यांदा सांगितल्यावर भीती वाटायला लागली, असं ही म्हणाली.

संध्याकाळी रिपोर्टचा कागद घेऊन आलो. दादाच्या हाती लागू नये म्हणून फार डोकं लढवून तो वॉशिंग मशीनच्या मागे खुपसला. आमच्या घरी कपडे धुण्याचं खातं दादाकडे आहे, हे मला अर्ध्या तासाने आठवलं. धावत गेलो तर कागद जागेवरच होता, फक्त नीट चार घड्या घातलेला. मी गडबडीत घातल्या असतील. आता तो माझ्या गादीखाली आहे.

बाळा, हे पान मी फाडणार आहे.

शुक्रवार, १४ मार्च

समुपदेशक बाईंकडे गेलो. शांत बाई, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. डबा बघूनच माझा धीर सुटला.

त्यांनी सगळं नीट समजावलं. पक्कं उत्तर हवं असेल तर पोटातून सुई घालून गर्भजल काढायचं. त्यातही काही शेकड्यांत एखादीचा गर्भ पडतो. करायची की नाही ते तुम्ही ठरवा, कुणाची सक्ती नाही. घरात कुणाला आहे का, असं विचारलं तेव्हा ही म्हणाली, माझ्या मोठ्या भावाला. त्याच्यामुळे असं होईल असं बहुतेक वेळा नसतं, वयाचा संबंध जास्त, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कौतुकाने विचारलं, भाऊ काय काय करतात. हिने यादी सांगितली: नोकरी, बस, कपडे, सकाळचा चहा, पत्ते. आणि मग न थांबता म्हणाली, ते सगळं शिकवायला किती वर्षं लागली तेही विचारा. बाईंनी विचारलं नाही.

निघताना त्यांनी फॉर्मवरून नजर फिरवली आणि हिच्याकडे बघून म्हणाल्या, "अठ्ठावन्न? नक्की?"

काट्याला चार किलोंचा दोष होता हे मला पक्कं आठवत होतं. कधी होता, ते आठवत नव्हतं.

शनिवार, १५ मार्च

वीस-वीस किलोंची तीन प्रमाण वजनं गाडीत टाकून दवाखान्यात गेलो. म्हटलं, अचानक तपासणी. शनिवारी सरकारी माणूस काम करतोय हे बघून नर्सला गहिवरून आलं असावं, तिने चहा मागवला. तिन्ही वजनं काट्यावर चढवली. बरोब्बर साठ. उतरवून पुन्हा चढवली. साठ.

काट्याच्या खाली शिक्का होता. "दुरुस्तीनंतर योग्य." गेल्या जुलैची तारीख, आणि खाली सही. माझी. म्हणजे दोष मीच काढला, दुरुस्तीचा हुकूम मीच सोडला, नंतर येऊन पासही मीच केला, आणि डोक्यात फक्त दोष ठेवला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका नोंदवणाऱ्या माणसाचं असंच होत असावं.

पण मला लाज नाही वाटली. मला नाचावंसं वाटलं. वजन चुकलं म्हणजे हिशेब चुकला, हिशेब चुकला म्हणजे नव्वदात एक चुकलं! उभ्या आयुष्यात स्वतःच्या चुकीवर मी इतका खूश झालेलो नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ती आधी म्हणाली, "म्हणजे बासष्टच?" आणि मग दारातच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

मंगळवार, १८ मार्च

काल प्रयोगशाळेत जाऊन माफीचा अर्ज दिला, चांगला दीड पानी. तिथल्या मुलीने दीड पानातून एक आकडा उचलला आणि संगणकात घातला. रक्त तेच, वजन नवं. आज उत्तर आलं.

शहाण्णवात एक.

तीन दिवस मी मनातल्या मनात हजारात एक, दोन हजारात एक असा चढत होतो. एवढा मोठा माझा गुन्हा, आणि त्याचं फळ सहा. मी त्या मुलीला विचारलं, अजून काही चुकलेलं असू शकतं का, म्हणजे माझ्याकडून? ती म्हणाली, नाही काका, बाकी सगळं बरोबर आहे.

हिने आकडा ऐकला आणि भाजी चिरायला बसली. खूप भाजी चिरली. दोन दिवस पुरेल.

गुरुवार, २० मार्च

दादाने आज मला पत्ते पिसता पिसता गाठलं. शहाण्णवात एक म्हणजे किती, असं सरळ विचारलं. हा आकडा त्याच्या कानावर कसा गेला कोण जाणे, आम्ही तर त्याच्यासमोर बोलतच नाही. मग मी शक्कल लढवली. म्हटलं, समज तुझ्यापुढे शहाण्णव टॉवेल आहेत, त्यातला एकच निळा. डोळे मिटून उचललास तर निळा हातात येईल का?

तो विचार करून म्हणाला, "पण एक असतो ना? नक्की?"

असतो, मी म्हटलं, पण आपल्या हातात येत नाही, काळजी करू नकोस. नाहीच येत, पैजेवर सांगतो. मी इतका धीर दिला तरी त्याचं तोंड उतरलं. पत्ते टाकून उठून गेला. मी उतारी चुकवली म्हणून असेल.

शनिवार, २२ मार्च

दादाचा मूड एकदम बदललाय. सकाळी उठून बघतो तर त्याने स्वतःचा पलंग सरकवून भिंतीला लावलेला, आणि कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलेला. म्हणाला, बाळ इथे झोपेल. महिनाभर ज्या वाटाघाटीत मी हात टेकले होते, त्यात मी न बोलताच जिंकलो. कारण विचारलं तर म्हणाला, त्याला माझी गरज लागेल ना. सुट्टीच्या दिवशी तो जरा उदार होतोच.

त्यानंतर हिने मला न्हाणीघरात बोलावलं. दार लावलं आणि नळ सोडला, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी बादलीवर बसलो. निर्णयाची वेळ आली होती आणि मी बादलीवर होतो.

मी म्हटलं, तू म्हणशील तसं. नऊ वर्षं हे वाक्य मला उपयोगी पडलंय. आज नाही पडलं.

"आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "बुटाची नाडी बांधायला शिकवायला मला दोन वर्षं लागली. त्याच्यासाठी परत करायला सांग, परत करीन. पण नव्याने, पहिल्यापासून, आणखी कुणासाठी... माझ्यात तेवढं उरलेलं नाही रे. आणि आपल्यानंतर दादाचं कोण बघणार, तेच अजून ठरलेलं नाही."

मी नळ आणखी थोडा सोडला.

"तुझं काय म्हणणं आहे ते सांग. एकदा तरी."

म्हणून मी सांगितलं. मला भीती वाटते. तसं निघालं तर पुढे जाऊ नये असंच मलाही वाटतं. आणि ज्याच्याशी रोज पत्ते खेळतो, त्याच्या घरात बसून मला असं वाटतं याची शरम वाटते. नळाचा आवाज फार होता, त्यामुळे हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं.

सुई घ्यायची ठरली. दार उघडलं तर बाहेर दादा टॉवेल खांद्यावर टाकून उभा. म्हणाला, किती वेळ. नळ धो धो चालू होता, काही ऐकलं नसणार.

बुधवार, २६ मार्च

सुई झाली. दादाने हॉटेलात रजा सांगितली आणि आमच्याबरोबर आला. अकरा वर्षांतली ही त्याची तिसरी रजा. नको म्हणायला आम्हाला कारण सुचलं नाही.

मी हिचा हात धरून धीर देणार होतो. सुई दिसल्यावर मी हात धरला एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते बाहेरच्या बाकावरचं. माझ्या कपाळावर ओला रुमाल आणि शेजारी दादा. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "हा इन्स्पेक्टर आहे, याला काही झालेलं नाही." हिला आत नर्सने धीर दिला.

मला बरं वाटल्यावर तो समोरच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. तिथे तपासणीची माहिती देणारं मोठं चित्र लावलंय, त्यात एका लहान मुलीचा फोटो आहे. गोबरी, तिरक्या डोळ्यांची, जीभ जराशी बाहेर. दादा खूप वेळ बघत होता. मी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा काढून त्याचं लक्ष दुसरीकडे वळवलं. नर्सकडून त्याने एक माहितीपत्रक मागून घेतलं आणि खिशात ठेवलं. त्याला कागद जमवायची आवड आहेच.

उत्तर दहा-बारा दिवसांनी. ही घरी आल्यावर कुशीवर निजून राहिली. बाळ हलल्यासारखं वाटतंय, म्हणाली, आणि पोटावरचा माझा हात काढून ठेवला. आत्ता नको, म्हणाली.

बुधवार, २ एप्रिल

काही नाही. फोन चार्ज केला. पुन्हा केला.

सोमवार, ७ एप्रिल

संध्याकाळी तिघं पत्ते खेळत होतो तेव्हा फोन आला. या वेळी मी शब्द नीट ऐकले. गुणसूत्रं बरोबर आहेत. सगळं नॉर्मल.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. खुर्ची पडली एवढं खरं. मी ओरडलो, हिला उचलायला गेलो, कमरेत कळ आली, तरी हसत होतो. ही जमिनीवरच बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. इतका आनंद मला कधी झालेला नाही. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

दादा हातातले पत्ते तसेच धरून बसला होता. काय झालं, म्हणाला.

मी म्हटलं, "बाळ चांगलं आहे, दादा! एकदम चांगलं आहे!"

"चांगलं म्हणजे?"

मी तोंड उघडलं. म्हणजे तब्येत, म्हटलं. वजन वगैरे.

"म्हणजे माझ्यासारखं नाही."

दुकानदार, व्यापारी, वरिष्ठ, सगळ्यांच्या तोंडाला तोंड देणारा मी माणूस. हिच्याकडे बघितलं. तिने चेहरा पुसला आणि म्हणाली, "नाही, दादा."

तो बरं म्हणाला. मग कुणाची उतारी आहे ते विचारलं. आम्ही डाव पुरा केला. त्याने एकदाही लबाडी केली नाही आणि तो हरला.

गुरुवार, १० एप्रिल

तो रुसलेला नाही. रुसवा मला काढता येतो. तो शहाण्यासारखा वागतोय. ताट उचलून ठेवतो, विचारलं तेवढं बोलतो, मला नावाने हाक मारतो. नऊ वर्षांत माझं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. मला तर वाटायचं त्याला ते ठाऊकच नाही.

पलंग परत मधोमध आलाय. खालच्या कप्प्यात त्याचे शर्ट.

ही म्हणते, मला त्याच्याकडे बघवत नाहीये. मी म्हटलं, मी बोलतो. तिने अविश्वासाने माझ्याकडे बघितलं. बरोबरच आहे.

रविवार, १३ एप्रिल

दुपारी जेवणं झाल्यावर त्याच्या खोलीत गेलो. आधी आरशासमोर चार वाक्यं पाठ केली होती. त्याच्यासमोर त्यातलं एकही आठवलं नाही.

म्हटलं, "दादा, बाळ तुझ्यासारखं असेल म्हणून आम्ही घाबरलो होतो. तुला सांगायला हवं होतं. लपवलं, ते चुकलं."

तो पलंगावर बसून मोजे जोडत होता. मान वर न करता म्हणाला, मला माहीत आहे, तू नळ सोडून फार मोठ्याने बोलतोस. मी उभा होतो तो खाली बसलो. हिने काय काय म्हटलं होतं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"मी ऐकलं ते तिला सांगू नको," तो म्हणाला. "ती रडेल."

मी नाही सांगणार म्हटलं. माफ कर म्हटलं. आम्ही तुझ्यावर किती प्रेम करतो हे तुला माहीत आहे ना, असंही म्हटलं. त्याने मान हलवली, त्याला त्यात काही शंका नव्हती. हिचं ते बोलणं त्याच्या मनाला लागलंय, अशी माझी समजूत होती, म्हणून मी तेच तेच समजावत राहिलो. ती दमली होती रे. आम्ही घाबरट आहोत. तुझ्यात काही वाईट आहे असं नाही. त्याने सगळे मोजे जोडून होईपर्यंत मला बोलू दिलं.

मग म्हणाला, "तुम्ही दोघं म्हणत होता, नसू दे, नसू दे. मी म्हणत होतो, असू दे."

का, मी विचारलं. आता हे विचारणारा माणूस म्हणजे मीच.

"तुम्ही दोघं आहात. बाळ आलं की तिघं. मी एकटाच आहे."

रोज विचारपूस करून नऊ वर्षं ज्या माणसाबरोबर राहिलो, त्याच्याबद्दल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्याने सरकून मला पलंगावर जागा करून दिली. ती चहाला हाक मारेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.